प्राचीच्या मुलाखतीची रंगीत तालीम

आमच्या प्राचीला निवासी शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा घरात एकच माणूस शांत होता आणि तो म्हणजे प्राची. लेखी परीक्षा ती आधीच पास झाली होती. शाळा नाशिकच्या पुढे, डोंगरावर. तिथे पोहायचा तलाव आहे, मोठं ग्रंथालय आहे आणि तारे बघायला दुर्बीण आहे. ही सगळी माहिती तिनेच माझ्या मोबाइलवर शोधून काढली होती, अर्जही तिनेच मागे लागून भरायला लावला होता, आणि पाचवी झाली की सहावीला आपण तिथे जाणार हे स्वतःपुरतं ठरवूनही टाकलं होतं. राहिली होती फक्त मुलाखत, आधी मुलीची आणि मग आईवडिलांची. बोलावणं वाचून ती म्हणाली, "बरं झालं, आता मले थो तलाव पाह्याले भेटीन," आणि सायकल घेऊन बाहेर गेली. मी पोट धरून खाटेवर बसलो.

माझ्या पोटाबद्दल थोडं सांगायला हवं. मी इथे बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. गाव मला 'गोविंदा सर' म्हणतं, पण मी आयुष्यात एकही तास घेतलेला नाही. मी परीक्षानळ्या धुतो, बेडकांचे सांगाडे पुसतो आणि कोणत्या बाटलीत काय आहे ते लक्षात ठेवतो. वर्षातून एकदा प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. त्या दिवशी प्रश्न मुलांना विचारतात आणि पोट माझं बिघडतं. तेव्हा स्वतःची पोरगी परीक्षकासमोर बसणार म्हटल्यावर या पोटाने काय केलं असेल, त्याची कल्पना वाचकांनी करावी. तपशील मी देणार नाही.

आता आपण घाबरलोय हे पोरीला कळू द्यायचं नाही, यासाठी मी एक युक्ती केली. पोरगीच घाबरली आहे असं धरून चालायचं ठरवलं. शेजारीपाजारी सांगून टाकलं की प्राचीला मुलाखतीचं टेन्शन आलंय. आमच्या गल्लीत ज्याला ताप आहे त्याला दहा औषधं मिळतात. मग ज्याला ताप नाही त्यालाही ती घ्यावी लागतात.

पहिले हिंमतराव आले. हे समोरच्या घरात राहतात आणि कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेत. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे सह्या करायला काही उरलेलं नाही, म्हणून ते सल्ले देतात. त्यांनी प्राचीला समोर उभं केलं आणि म्हणाले, "साहेबाच्या डोळ्यात पाह्याचं नाई. नाकाच्या शेंड्याकडं पाह्याचं. त्याले वाटते डोळ्यात पाहून राह्यली, अन् आपल्याले भेव वाटत नाई."

"पण काऊन? मले डोळ्यात पाह्याचं भेव नाई वाटत," प्राची म्हणाली.

"आता नाई वाटत. तिथी गेल्यावर वाटते."

म्हणून प्राची सराव करू लागली. ती बनाबाईंच्या नाकाकडे इतकं टक लावून बघायची की बनाबाई दोनदा घरात जाऊन आरशात बघून आल्या. या बनाबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या म्हाताऱ्या. त्यांचं म्हणणं, पोरीला नजर लागली आहे. त्यांनी मीठमोहरी उतरवून चुलीत टाकली. तडतड मोठी झाली, तेव्हा लागलेली नजर मोठी असणार. मग रोज उतरवायला हवी असं ठरलं.

हिंमतरावांचं दुसरं म्हणणं असं की बुलढाण्याची पोरगी म्हटल्यावर लोणार विचारणारच. त्यांनी लोणारच्या सरोवरावर दीड पानाचा मजकूर तयार करून दिला. प्राचीने तो इतका पाठ केला की अश्विनीने, म्हणजे माझ्या बायकोने, "पोळी देऊ का?" असं विचारलं तरी उत्तराच्या आधी उल्का येऊन पडायची. मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात आत्मविश्वासासाठी कमरेवर हात ठेवून आरशासमोर उभं राहायला सांगितलं होतं. पोरीबरोबर मीही उभा राहिलो. नेमका तेव्हाच दूधवाला आला, आणि त्याने काही न विचारता दूध ठेवून जाणं मला जास्त लागलं.

शेवटचा उपाय सर्वस्वी माझा होता, त्याचं श्रेय मी कोणाला देत नाही. मी घरात जाहीर केलं की मुलाखत होईपर्यंत सर्वांनी शुद्ध बोलायचं. नाशिक-पुण्याकडचे लोक आपलं बोलणं ऐकून हसतात, तेव्हा 'मले-तुले' बंद. अश्विनी म्हणाली, "मंग आम्ही बोलाव कसं?" मी म्हणालो, "बोलावं कसं." ती म्हणाली, "थेच तं विचारून राह्यली मी." हा विषय आम्ही तिथेच सोडला. पण प्राचीच्या प्रत्येक वाक्याला मी दाराआडून दुरुस्त्या करत राहिलो.

एक दिवस माझ्या लक्षात आलं की बराच वेळ दुरुस्ती करायची वेळच आलेली नाही. प्राची बोलतच नव्हती. नाकाकडे बघायचं, हसरा चेहरा ठेवायचा, पोटात श्वास घ्यायचा, 'ळ' नीट काढायचा आणि मग बोलायचं, एवढं सगळं जमेपर्यंत समोरच्याचा प्रश्न शिळा व्हायचा. मग ती नुसती मान हलवू लागली. वेणीचं टोक तोंडात धरून कोपऱ्यात बसू लागली. अर्धी भाकर ताटात तशीच. शाळेतून आल्याबरोबर दप्तरासकट स्वयंपाकघरात शिरून कोणाचा डबा कोणी खाल्ला इथपासून बातम्या सांगणारी माझी पोरगी, आणि घरात तिचा आवाज नाही. ती घाबरली आहे असं मी तोवर खोटंच सांगत होतो. त्या दिवशी मला खरी भीती वाटली.

शहाण्या माणसाने इथे सगळे उपाय बंद केले असते. मी हिंमतरावांकडे गेलो.

"सराव कमी पडून राह्यला," ते म्हणाले. "रंगीत तालीम घ्या लागते. अन् परीक्षक बाहेरचा पाह्यजे. आपल्या माणसासमोर भेव मोडत नाई."

बाहेरच्या परीक्षकाचं महत्त्व मला कोणी सांगायला नको होतं. हिंमतरावांचे साडू माणिकराव मलकापूरला असतात. त्यांना रविवारी सकाळी बोलवायचं ठरलं. त्यांचा मुलगा हरिओम नोकरीसाठी बऱ्याच मुलाखती देऊन आला होता. त्यापैकी कोणत्याही मुलाखतीनंतर त्याला नोकरी मिळाली नव्हती, पण अनुभव तर होता. त्यालाही सोबत आणायचं ठरलं.

रविवारी पांढरी गाडी आमच्या दारात थांबली. माणिकराव सफारी घालून उतरले. मागून त्यांच्या पत्नी केसरबाई रेशमी साडीत, आणि त्यांच्या मागून कडक इस्त्रीच्या शर्टात, अत्तर लावलेला, मान खाली घातलेला हरिओम. मी ओसरीवर सतरंजी टाकली होती. पाहुणे बाहेरगावचे, तेव्हा अश्विनीने पोहे केले. हिंमतराव आत जाऊन म्हणाले, "पोह्याचा ट्रे प्राचीच्या हातात द्या. हातात काही असलं की हात थरथरत नाई." मला ते पटलं. कॉलेजात परीक्षकांसमोर मीसुद्धा हातात काचेचं चंचुपात्र धरून उभा असतो.

शाळेचा गणवेश धुवायला टाकला होता म्हणून प्राचीने दिवाळीचा हिरवा घागरा घातला. बनाबाईंनी तिच्या वेणीत गजरा माळला. ती ट्रे सांडू नये म्हणून खाली बघत, हळूहळू पावलं टाकत ओसरीवर आली, सर्वांना पोहे दिले आणि पाटावर बसली.

माणिकराव आयुष्यात एकदाच कोणाची तरी पारख करायला बसले होते, थोरल्या मुलासाठी सून पाहायला गेले तेव्हा. त्यांच्यापाशी प्रश्नही तेवढेच होते.

"नाव काय बेटा?"

प्राचीने त्यांच्या नाकाकडे बघून नाव सांगितलं.

"शिक्षण?"

"पाचवी."

"वा. पुढं शिकायची इच्छा हाये का?"

तिने मान हलवली. केसरबाईंनी घरात माणसं किती, मामाचं गाव कोणतं ते विचारलं. बनाबाई दारातून म्हणाल्या, "पोळ्या लाटता येते का वं, थे इचारा. तिथी होस्टेलात कोन करून देईन?" मग माणिकरावांनी तिला जरा चालून दाखवायला सांगितलं. हिंमतरावांनी मला हळूच समजावलं की चालण्यावरून आत्मविश्वास कळतो. हरिओमची पाळी आली तेव्हा तो घामाने भिजला होता. त्याने दहा वर्षांच्या पोरीला "तुमच्या हॉबीज काय आहेत?" असं अहोजाहो करत विचारलं आणि उत्तर येण्याआधीच "थँक यू" म्हणाला. सवयच ती.

शेवटी बनाबाईंना भरून आलं. पोर एवढ्या लांब जाणार म्हणून त्यांनी तिला कुंकू लावलं, ओच्यात नारळ आणि खण घातला. केसरबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. माणिकरावांनी उठून मला हात जोडले आणि म्हणाले, "पोरगी चांगली हाये. बाकीचं घरी जाऊन कळवतो." ते गुण कळवणार होते.

या वेळी समोरच्या नळावर सहासात बाया घागरी भरायच्या थांबून उभ्या होत्या, आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर पोरं बसली होती. त्या सर्वांना जे दिसलं ते ओसरीवर बसलेल्या आम्हा एकाही मोठ्या माणसाला दिसलं नाही. मी तर पाहुणे गेल्यावर अश्विनीला म्हणालोसुद्धा, की कार्यक्रम फार व्यवस्थित पार पडला. ती म्हणाली, "पोरगी दोन शब्दाच्या वर बोलली नाई, अन् तुम्ही कार्यक्रम म्हणून राह्यले."

आम्ही गुरुवारी निघणार होतो. संध्याकाळी मलकापूरहून गाडी, शुक्रवारी सकाळी नाशिक, दुपारी मुलाखत. दुपारी जेवणं झाली, बॅगा खाटेवर भरून ठेवल्या होत्या, आणि दारात जीप थांबली. जीपमधून ग्रामसेवक उतरले, पोलीस पाटील उतरले, अंगणवाडीच्या पुष्पाबाई उतरल्या, आणि शेवटी तालुक्याहून आलेल्या एक तरुण मॅडम. मॅडमनी ओळखपत्र दाखवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं लग्न ठरवल्याची तक्रार आली आहे."

मला हसू आलं. जीपभर माणसांसमोर एकट्यानेच हसत उभं राहणं किती अवघड असतं, ते तेव्हा कळलं. मी हसणं थांबवलं.

लहान मुलांसाठी जो मदतीचा नंबर असतो त्यावर कोणीतरी फोन केला होता. फोन कोणी केला ते सांगत नाहीत. मी मात्र मनातल्या मनात नळावरच्या बायांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना संशयित ठरवून मोकळा झालो. नंतर आठवलं की तो नंबर कॉलेजच्या फळ्यावर मीच रंगीत खडूने लिहिला होता आणि खाली 'न घाबरता कळवा' असं लिहून दोन रेघा ओढल्या होत्या. 

पुष्पाबाईंनी कागद काढला. "मुलीचं नाव?"

"पुष्पाबाई, तुम्ही तिला पोलिओचे डोस पाजले. तिचं बारसं झालं तेव्हा पाळणा तुम्ही म्हटला."

"लिहा लागते सर. नाव?"

मग ग्रामसेवकांनी विचारायला सुरुवात केली.

"रविवारी मलकापूरहून गाडी आली होती?"

"आली होती, पण—"

"मुलगा सोबत होता?"

"होता. पण तो मुलाखती देतो."

"मुलीने पोहे आणले?"

"हात थरथरू नये म्हणून."

"चालून दाखवलं?"

"आत्मविश्वास," मी म्हणालो. माझा स्वतःचा तोवर संपला होता.

"कुंकू, नारळ?"

"ते बनाबाईंनी."

"अन् आज सामान बांधून कुठं चालले?"

असं प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक उत्तरानिशी मी आत आत जात होतो. भिंतीवर पोरं पुन्हा जमली होती. अखेर अश्विनी पुढे आली आणि तिने शाळेचं पत्र मॅडमच्या हातात दिलं. एवढा वेळ ते मला सुचलं नव्हतं. मॅडमनी ते वाचलं, शाळेत फोन लावून खात्री करून घेतली, आणि त्यांचे ओठ जरासे हलले. त्यांना आता सगळं कळलं होतं हे उघड होतं.

"मला पटलं," त्या म्हणाल्या. "पण नोंदलेली तक्रार मला माझ्या मनाने बंद करता येत नाही. मुलीने एकटीने मला सांगायला हवं. ती बोलली की मी इथूनच बंद करते आणि तुम्ही तुमची गाडी पकडा. नाही बोलली, तर तिला उद्या बुलढाण्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागेल. त्यांच्याकडे तशा मॅडम आहेत, मुलांना बोलतं करणाऱ्या."

"उद्याच तर मुलाखत आहे."

"म्हणूनच म्हणते, ती बोलली तर बरं."

मी प्राचीकडे बघितलं. ती वेणी तोंडात धरून दाराशी उभी होती. कित्येक दिवसांत ती आमच्याशीच धड बोललेली नव्हती, आणि इथे परक्या बाईसमोर, बंद दाराआड, सरकारी कागदावर बोलायचं होतं. दुर्बीण, तलाव, ग्रंथालय, सगळं तिच्या एका तोंड उघडण्यावर येऊन ठेपलं होतं, आणि ते तोंड मीच महिनाभर खपून बंद करून ठेवलं होतं. मी तिला सांगायला पुढे झालो की बेटा, पोटात श्वास घे. अश्विनीने माझा सदरा मागून ओढला.

मॅडम प्राचीला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लागलं.

बाहेर आम्ही बसलो. हिंमतराव आले, बनाबाई आल्या. बनाबाई पोलीस पाटलाला म्हणाल्या, "काऊन रे भाऊ, नारळ देनं गुन्हा झाला काय आता?"  माझ्या पोटात जे व्हायचं ते झालं आणि मी परसात निघालो, तर पाटील माझ्यामागून निघाले. त्यांची आणि माझी पहिलीपासूनची ओळख आहे, आम्ही एका बाकावर बसत होतो.

"अरे, मी कुठं पळतो?" मी म्हणालो.

"पळत नाईस, माहीत हाये मले. पण मॅडम म्हणाल्या कोनाले नजरेआड होऊ देऊ नका." आणि ते संडासच्या दाराबाहेर उभे राहिले. भिंतीवरची पोरं तिकडे सरकली. आयुष्यभर जपलेली सर ही पदवी मी त्या दाराआड गमावली, असं मला वाटतं.

परत आलो तरी स्वयंपाकघराचं दार बंदच. आतून काही ऐकू येत नव्हतं. अश्विनी भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. मी घड्याळाकडे बघायचं बंद केलं, कारण हिंमतराव माझ्यासाठी स्वतःचं खिशातलं घड्याळ मोठ्याने वाचतच होते.

मग आतून आवाज आला. आधी वाटलं भांडं पडलं. पण ते हसणं होतं, मॅडमचं. त्याच्यामागून प्राचीचा आवाज, एकसारखा, न थांबता, जसा पूर्वी यायचा तसा. "...अन् मंग माणिक आजोबाच्या नाकात केस दिसून राह्यले होते, मले पाहावलं नाई जाय, पण हिंमत आजोबानं सांगतलं होतं ना नाकाकडं पाह्याचं..." हिंमतरावांनी घड्याळ खिशात टाकलं. अश्विनीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही, कारण माझंही तेच चाललं होतं.

मॅडम डोळे पुसत बाहेर आल्या. "तक्रार बंद केली," त्या म्हणाल्या. "मुलीचं लग्न नाही, तिच्यावर लग्नाची जबरदस्तीही नाही. मला म्हणाली, मॅडम, तुम्ही मुलाखत दिली तेव्हा तुम्ही कोणाच्या नाकाकडं पाह्यलं होतं? मी म्हटलं, मी जमिनीकडे पाहिलं होतं. मग तिला बोलायला जोर आला." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तरी पालकाचं हमीपत्र लागतं. लिहा."

मी लिहिलं की अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलीचं लग्न करणार नाही. सही केली. मॅडम म्हणाल्या, "आता दुसरा कागद घ्या. हा फायलीला लागणार नाही, माझ्यासाठी द्या. लिहा, उद्या मुलाखत होईपर्यंत मी मुलीला कोणताही सल्ला देणार नाही, तिचं बोलणं दुरुस्त करणार नाही."

"हे कोन्या नियमात बसते?" हिंमतरावांनी विचारलं.

"काका, तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा. साक्षीदारांनाही लागू आहे."

हिंमतरावांना बऱ्याच वर्षांनी सही करायला मिळाली होती. त्यांनी तारखेसकट झोकदार सही केली. खाली बनाबाईंनी अक्षर अक्षर जोडून नाव लिहिलं आणि विचारलं, "मीठमोहरी उतरवली तं चालते ना?" मॅडम म्हणाल्या, "तेवढं चालेल." आम्हाला मलकापूरला उशीर होऊ नये म्हणून जीपनेच स्टेशनवर सोडलं. गावाने ते पाहिलं आणि आम्हाला अटक झाली असा दोन दिवस समज करून घेतला.

गाडीत प्राची साठवून ठेवलेलं सगळं बोलली. समोरच्या बाकावरच्या बाईंना तिने रविवारची सगळी हकिकत सांगितली, 'मले' आणि 'काऊन'सकट. मला दर दोन वाक्यांनी काहीतरी सुधारावंसं वाटे, आणि मी तोंडात शेंगदाणे टाकी. नाशिक येईपर्यंत मी इतके शेंगदाणे खाल्ले की पोटाला घाबरायला जागा उरली नाही.

शाळा फोटोत होती तशीच होती. मुख्याध्यापिका पांढऱ्या केसांच्या, पायात खेळाचे बूट. प्राची आत गेली, बराच वेळ राहिली, बाहेर आली आणि "तलाव तिकडं हाये म्हणते," एवढंच सांगून पळाली. मग आम्हाला बोलावलं.

माझं उत्तर तयार होतं. त्यात 'सर्वांगीण विकास' तीनदा येत होता. पण बाईंनी आम्हाला काही विचारलंच नाही, सांगायलाच लागल्या. "तुमच्या मुलीला मी विचारलं, घरापासून लांब राहायचं आहे, सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? मुलं सांगतात, अंधाराची, जेवणाची. ही म्हणाली, बाबांची."

मी खुर्चीत नीट बसलो.

"म्हणाली, आई मजबूत आहे, पण बाबांना लवकर भेव वाटतं आणि ते कोणाला सांगत नाहीत. ते म्हणतात मीच घाबरले आहे. मग मीही घाबरल्यासारखं करते, म्हणजे त्यांना एकटं वाटत नाही." बाई हसल्या. "मी विचारलं, मग बाबांनाही इथे ठेवून घेऊ का? तर थोडा विचार करून म्हणाली, नको, ते लेखी परीक्षेत पास नाही व्हायचे."

अश्विनी मोठ्याने हसली. मीही हसलो, जरा उशिरा.

"मग सांगा," बाई म्हणाल्या, "तुम्हाला मुलीला इथे का पाठवायचं आहे?"

'सर्वांगीण' कुठेतरी नाहीसा झाला होता. "मले नाई पाठवायचं, मॅडम," मी म्हणालो. "मले एक दिवसही नाई करमणार तिच्यावाचून. पण तिले यायचं हाये. अन् तिनं ठरवलं की थे बरोबरच ठरवते, हे मले पयलेपासून माहीत हाये."  अश्विनीने माझ्या हातावर हात ठेवला. बाईंनी काही लिहिलं नाही, पाण्याचा ग्लास तेवढा माझ्याकडे सरकवला.

निवड झाल्याचं आठवड्याने कळलं. मी दिवसभर गावात पेढे वाटले आणि प्रत्येक घरी सांगितलं की मला खात्रीच होती. कोणाचा विश्वास बसला नाही.

जूनमध्ये तिला पोचवायला गेलो. फाटकापासून वसतिगृहापर्यंत पायवाट आहे, दोन्ही बाजूंनी झाडं. अश्विनी ट्रंक घेऊन शिपायाबरोबर पुढे गेली होती. सगळीकडे आईबाप आपापल्या पोरांचे हात धरून चालले होते, काही पोरं रडत होती. आम्ही दोघेही तसेच चाललो होतो. प्राची मला दाखवत होती की ही खाणावळ, ती दुर्बिणीची खोली, आणि अधूनमधून माझ्या चेहऱ्याकडे बघून घेत होती. वसतिगृहाच्या पायऱ्यांशी ती थांबली.

"आता मी सोडू का?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "सोड बेटा." आणि तिने माझा हात सोडला.